बाबांच्या काळ्या पट्ट्या

माझे बाबा फरशी बसवायचे. त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. हे ते कधी सांगत नसत. आई सांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला.

मग कंपवात झाला. हाताचं त्यांनी मनावर घेतलं नाही, कारण थापी धरली की थरथर बरीच निवायची. दगा दिला पायांनी. दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. एकदा न्हाणीच्या दारात असेच अडकले आणि तोंडावर आपटले. तेव्हापासून न्हाणीचं नाव काढलं तरी खेकसायचे. आंघोळ टाळू लागले.

"दादा, घाबरट झालास की काय?" काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. "घाबरट कसले?" त्या म्हणाल्या. "मेंदूत खोलवर पेशींचे काही पुंजके असतात. 'चल' हा हुकूम तिथूनच सुटतो, 'थांब, तिकडे नको' हाही. या आजारात 'चल'चा आवाज बसतो आणि 'नको'चा चढतो. त्यात पडल्याची आठवण! औषध वाढवू. आणि दारापाशी आडव्या पट्ट्या चिकटवा. समोर रेघ दिसली की पुष्कळांचं पाऊल सुटतं."

"चिकटवायच्या कशाला?" बाबा कितीतरी दिवसांनी हसले. "बसवू की!"

घरी येताच त्यांनी काळी फरशी कापून घेतली. गुडघ्यांखाली पोतं घालून, ज्या दाराकडे ते बघतही नव्हते, त्याच दारात बसले. मी सिमेंटचा माल कालवला. आई कंदील धरावा तसा ओळंबा धरून उभी होती, कुणी मागितला नसताना.

माल वाळल्यावर बाबा पट्ट्यांसमोर उभे राहिले. कपाळावर घाम. "नको वाटतंय गं," ते हळूच म्हणाले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. पहिली पट्टी ओलांडली. दुसरी. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि आईनं ओळंबा खाली ठेवला.

अजूनही काही दिवस वाईट जातात. पण डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आता बाबांनीच बसवलेल्या पट्ट्या आहेत. परवा एक आजोबा त्या झपाझप ओलांडून गेले. "कुणी केलंय हो हे?" त्यांच्या सुनेनं विचारलं.

बाबा फरशीचे सांधे न्याहाळत होते. मीच म्हटलं, "माझ्या बाबांनी." जरा मोठ्यानंच.