मनगटावरची तीन बोटं

अशा विषयावर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सरकारी कागद वाचायला गल्लीतले लोक मला सोबत नेतात, इतकंच.

आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना रस्तारुंदीत गेला. बांधकामाची आणि बंद पडलेल्या व्यवसायाची भरपाई सरकारकडून यायची होती. गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. कारकुनाने कागदांसाठी हात पुढे केला, तर डॉक्टरांनी सवयीने त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली.

“अहो डॉक्टर, कागद द्या, औषध नको!” कारकून हसला.

“ठोका चुकतोय साहेब. तपासून घ्या.”

“ते राहू द्या. तुम्ही पेशंट तपासत होता याचा पुरावा कुठाय? रजिस्टर?”

“लिहायला वेळ कुणाला होता?”

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. लहानपणी माझा ताप याच बोटांना कळायचा. तो आता कुठल्या रकान्यात भरायचा? अभ्यासाला बसलो तरी हात आपोआप स्वतःच्याच मनगटाकडे जातो.

काल कारकुनाचा फोन आला. भिंती आणि पत्र्यांची भरपाई मंजूर झाली. व्यवसायाची नाही, कारण पुरावा नाही. फोन ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, “आणि डॉक्टरांना सांग, हृदयाचंच निघालं. वेळेत आलात, म्हणाले हॉस्पिटलात. गोळ्या सुरू केल्यात.”