शेवटच्या गाडीचं फाटक

त्याला सगळे शेपूट म्हणत, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. धंद्यानं तो कमानवाला. ट्रकचा सगळा भार चाकांवरच्या ज्या पोलादी पट्ट्यांच्या थरांवर पेलला जातो, त्या कमानी तापवायच्या, ठोकायच्या, वळवायच्या आणि पुन्हा जागी बसवायच्या, हे काम तो चाळीस वर्षं करत आला होता. रस्त्यानं ट्रक गेला की मान वर न करता तो सांगे, डावीकडच्या मागच्या कमानीची तिसरी पट्टी गेली. आवाजावरूनच कळायचं त्याला. पण लोकांत तो ओळखला जाई तो शेपूट म्हणून. दर उन्हाळ्यात सात-आठ जुने ट्रक डांबरी रस्ता सोडून डोंगरात शिरत. चारही चाकांना जोर असलेल्या, जगानं मोडीत काढलेल्या गाड्या त्या. यांनी जिवापाड जपलेल्या. त्यांत सगळ्यांत मागची गाडी त्याची असे. अठरा उन्हाळे.

मागं राहणं हे हलकं काम असं ज्याला वाटतं, तो कधी ताफ्यातून गेलेला नसतो. पुढचा वाट काढतो, मधले त्याच्या चाकोरीत चाक घालतात. मागचा सगळ्यांची धूळ खातो. रुतलेल्याला ओढतो, कुणाचा गळून पडलेला बोल्ट उचलतो, कुणी विसरलेली चादर गोळा करतो. आणि फाटकं लावतो. वरच्या पठाराची वाट कुणाच्या ना कुणाच्या रानातून जाते, म्हणून पहिल्या गाडीनं फाटक उघडायचं आणि शेवटच्या गाडीनं लावायचं, हा या मंडळींचा एकच कायदा. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच कुणी मोडत नसे.

गेल्या उन्हाळ्यात तो मोडला. कुरणवाल्या बाईचं वरचं फाटक उघडं राहिलं. मेंढ्या बाहेर पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी कड्याखालच्या घळीत त्यांतल्या अकरा मेलेल्या सापडल्या. बाईनं फाटकाला साखळी घातली आणि साखळीला कुलूप.

यंदाचा बेत ठरवायला मंडळी एका रविवारी दुपारी शेपटाच्या कारखान्यात जमली. ऊन अजून तापायचं होतं. भट्टी विझलेली होती, ऐरणीवर कुणीतरी टोपी ठेवली होती, आणि भिंतीला टेकवलेल्या कमानी थकल्या माणसांसारख्या उभ्या होत्या. बेत आखायची यांची रीत ठरलेली. आधी फरशी झाडायची. मग खडूनं ओढा काढायचा, चढ काढायचा, कडा काढायचा, आणि प्रत्येक गाडीच्या नावानं एक नट मांडायचा. मास्तरणीचा नट पितळेचा, कारण शाळेतून निवृत्त झाली तरी तिला अजून सगळं चकचकीत लागे. बेकरीवाल्याचा गंजलेला, कारण त्याची गाडीही तशीच. शेपटाचा सगळ्यांत थोरला, कमान आवळायच्या बोल्टचा. आणि कुरणाच्या फाटकाच्या जागी एक लांब पाना आडवा.

मास्तरीण यादी वाचत होती. "दोर चार. फावडी सहा. पाण्याचे कॅन दहा. फुटलेल्या टाकीला लावायला साबण."

"बाई, तुमची यादी म्हणजे मारुतीचं शेपूट," बेकरीवाला म्हणाला.

"शेपूट समोर बसलंय. किती लांब असतं ते त्यालाच विचार."

मंडळी हसली. शेपूटही हसला, पण त्याची नजर नटांवर होती. नट सात होते.

"कुरणवाली बाई कुलूप काढेल का?" कुणीतरी विचारलं. पठारावर जायला दुसरी वाट नव्हती. कुलूप निघालं नाही तर खडूचा ओढा फरशीवरच आटणार होता.

"मी भेटून आले," मास्तरीण म्हणाली. "सांगितलं तिला, ज्यानं फाटक उघडं टाकलं त्याला आम्ही यंदा घेतलेलं नाही. विचार करते म्हणाली."

आठवा नट डब्यात होता. तो औषधवाल्याचा. चाळिशीचा, औषधांचं दुकान चालवणारा हा माणूस गेल्या वर्षी पहिल्यांदाच ताफ्यात आला होता. फाटकाजवळ गाडी थांबवून त्यानं कसल्याशा फुलांचे फोटो काढले, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. मेंढ्यांची बातमी आली तेव्हा शेपूट म्हणाला, माझ्यामागं एक गाडी होती, मी आरशात पाहिली, फाटक तिच्यासाठी सोडलं. मग मागं राहिलं कोण? औषधवाला म्हणाला, मी केव्हाच पुढं गेलो होतो. पण एकीकडे अठरा वर्षांचा शब्द आणि दुसरीकडे एका दिवसाचा. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. त्याचे एकातच आटोपले.

शेपूट खोटं बोलला नव्हता. आरशात त्यानं गाडी पाहिली होती, आणि हिवाळ्यापर्यंत त्याचा त्यावर विश्वास होता.

हिवाळ्यात एके दिवशी कमान बसवलेला ट्रक तपासायला तो मातीच्या रस्त्यावर घेऊन गेला. आरशात पाहिलं तर मागून एक गाडी येत होती, करड्या रंगाची, रुंद, अंग हलवत. तिला जाऊ द्यावं म्हणून तो कडेला थांबला. गाडी येईना. तो खाली उतरला. धूळ हळूहळू खाली बसली आणि मागं रिकामा रस्ता उरला, त्याच्याच चाकांच्या दोन खुणा घेऊन. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

तेव्हापासून तीन महिने तो रोज सकाळी गाडीचा आरसा पुसत होता. बायको दारातून म्हणे, "अहो, किती पुसाल? काच झिजायची." तो काही बोलत नसे. बोलला तर एक नव्हे, दोन गोष्टी बोलाव्या लागणार होत्या. फाटक माझ्यामुळं राहिलं ही एक. आणि मग मागची जागा माझी नाही ही दुसरी. पहिलीची लाज होती. दुसरीची भीती.

त्या रविवारी शेवटी मास्तरणीनं थोरला नट रांगेच्या टोकाला ठेवला आणि म्हणाली, "हे एक बरं. शेपटाची काळजी नाही." मंडळी उठून गेली तरी शेपटानं खडू पुसला नाही.

सोमवारी तो चालत कुरणवाल्या बाईकडे गेला. गाडी नेली नाही. बाई गोठ्यापुढं एका मेंढीला पाठीवर पाडून तिची खुरं कातरत होती. पायरीवर एक म्हातारं कुत्रं पडलं होतं.

"फाटक मी उघडं टाकलं," शेपूट म्हणाला.

बाईची कातरी थांबली नाही. "मास्तरीणबाई तर म्हणत होत्या, नवा कोणी होता."

"तो माझ्या पुढं होता. माझ्यामागं कुणी नव्हतं. मला वाटलं होतं."

"काय वाटलं?"

"गाडी. पण ती धूळ होती. माझीच."

बाईनं मेंढीचा दुसरा पाय धरला. "डोळे?"

"मोतीबिंदू."

"याला पण झालाय." तिनं कुत्र्याकडे हनुवटी केली. "मेंढ्यांमागं धाडत नाही मी त्याला आता. दाराशी बसवते. कोण आत आलं आणि कोण गेलं, ते त्याला अजून बरोबर कळतं."

कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. शेपूट उभा राहिला. माफी मागायला तो आला होता, पण मेलेल्या मेंढ्यांपुढं तो शब्द त्याला फार लहान वाटला. त्यानं पुढं होऊन मेंढीची मान धरली. बाईनं उरलेले दोन पाय कातरले, मेंढी उठून अंग झाडत पळाली, आणि मग बाई म्हणाली, "तुमच्या कायद्यावर माझा भरवसा नाही. फाटकाला माणूस असेल तर कुलूप काढीन."

पुढच्या रविवारी मंडळी जमली तेव्हा फरशीवर ओढा तसाच होता. कुणी बसायच्या आत शेपटानं सांगून टाकलं, दोन्ही गोष्टी, एकामागोमाग, जणू यादीच वाचत होता. बाईची अटही सांगितली. ऐरणीवरची टोपी बेकरीवाल्यानं उचलली आणि पुन्हा ठेवली.

"म्हणजे वर्षभर आमच्या डोळ्यांत धूळ," तो म्हणाला.

"तीन महिने. त्याआधी माझ्याच डोळ्यांत होती."

"ऑपरेशन करून घे," मास्तरीण म्हणाली.

"घेईन. फाटक त्याच्या आधी आहे."

मास्तरणीनं वहीतली एक ओळ खोडली. मग खाली दुसरी लिहिली, आणि तिच्या चष्म्यामागं काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही. औषधवाल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडं. बेकरीवाला स्वतः जाऊन त्याला घेऊन आला. औषधवाला उंबऱ्याशीच थांबला, हात छातीवर बांधून.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," शेपूट म्हणाला. "मी खोटा पडलो नाही, कारण मी शेपूट होतो. तू पडलास. चुकलं माझं."

औषधवाल्यानं मान हलवली नाही आणि हात सोडले नाहीत. पण तो गेलाही नाही.

शेपूट गुडघ्यावर बसला. डब्यातला आठवा नट काढून त्यानं रांगेच्या टोकाला ठेवला. तिथला थोरला नट उचलला आणि आडव्या पान्याला लागून ठेवला.

"हा इथं कशाला?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"मला मास्तरीण सकाळी तिथं सोडेल. जाताना मोजीन, येताना मोजीन. तुम्ही पठारावर हिंडा."

"मग आम्ही तुला शेपूट म्हणायचं की काय म्हणायचं?"

"म्हणा काहीही. शेपूट मी घातलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

मंडळी जराशी हसली. औषधवाला आत आला आणि फरशीवरच्या आपल्या नटाकडे पाहत राहिला.

"मला मागं ठेवताय?"

"फुलं बघणारा माणूस मागंच बरा. खाली काय पडलंय ते त्याला दिसतं." शेपटानं खडूचा तुकडा त्याच्यापुढं धरला. "बस. कुरणाच्या फाटकाला मी आहे. पण त्याच्या पुढं दोन फाटकं लागतात, ती तुझी. फाटकाशी आलास की इंजिन बंद. आरशात काहीही दिसो, खाली उतरायचं आणि धूळ बसू द्यायची."

"किती वेळ लागतो?"

"वाऱ्यावर आहे," शेपूट म्हणाला.

औषधवाल्यानं खडू घेतला आणि फाटकं कुठं ते विचारून फरशीवर दोन रेघा ओढल्या.