रिकामं ठेवलेलं गोणपाट

मंडळी, आज दुपारी वेल्ह्याजवळच्या आमच्या कातकरी वाडीत जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

समाजमंदिराची दारं-खिडक्या लावून आम्ही ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी पोरांचा एक सिनेमा पाहिला. जुनी गाडी घेऊन ती पोरं आपल्या आजीचा मुलूख शोधायला निघतात. सुरुवातीलाच एक सूचना आली, तिकडच्या आदिवासींच्या सिनेमांना लावतात तशी. ती मी मराठीत वाचून दाखवली: यात मरण पावलेल्या माणसांचे चेहरे दिसू शकतात.

माझी आत्या लगेच उठली. "मेलेली मानसं येनार म्हनं. त्यास्नी बसाया कायतरी नगं व्हय?" तिनं सगळ्यांच्या पुढं गोणपाट अंथरलं. आमची वांड पोरंसुद्धा त्यावर बसली नाहीत.

पडद्यावर पोलिसानं गाडी अडवून विचारलं, "कुठले रे तुम्ही?" सगळी वाडी खदखदून हसली. आम्हाला भोरच्या बाजारातही हेच विचारतात.

सिनेमा संपल्यावर आत्या म्हणाली, "तू आपल्या वाडीचा सिनेमा काढीन म्हनतीस न्हवं? तवा ती सूचना लावू नगंस. आपल्या मेलेल्यांचा एकबी फोटू न्हाई. दिसायचं कोन?"

मी गोणपाट गुंडाळायला वाकले. फरशी गार होती. गोणपाट ऊबदार होतं.

तुमच्या भिंतीवर आजोबांचा फोटो असेल ना? आमचे मेलेले आज त्या गोणपाटावर येऊन बसले, आणि आम्ही त्यांना दुसऱ्यांची माणसं दाखवली.