सुगंधामावशींचा नंबर

मोफत वकील मिळेपर्यंत माणूस टिकावा लागतो.

सुगंधामावशी टिकल्या. आज सकाळी गेल्या.

पेणजवळच्या जोहे गावात, गणपतीच्या कारखान्यांत त्या आखणी करायच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. रंग कोणीही देतो, डोळ्यांना ठरावीकच हात. सीझनला सगळे कारखानदार मावशींची वाट बघत.

आणि मावशी पेणच्या कोर्टात मोफत वकिलाची.

नवरा गेल्यावर दिराने सांगितलं होतं, घर सोड. मूलबाळ नाही, कागदावर नाव नाही.

मावशींचं म्हणणं एवढंच, "लगीन होऊन ज्या दारातनं आत आले, त्याच दारातनं मला न्यायची."

मी रोह्याहून कोर्टाच्या बातम्यांसाठी जायचो. त्या मोफत वकिलाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. ओळख तिथलीच.

एकदा मीच वैतागलो. "मावशी, किती महिने झाले! चिडा की जरा."

"कोनावर? आत अर्ज लिवून घेनारी पोर एकटी, भायेर आमी एवढ्या. माज्यासारखंच हाय तिचं. हात एक, गनपती ढीगभर."

शेजारी एक नवी सून मुसमुसत होती. तिच्याकडे वळल्या.

"गो, आत पाच मिन्टं मिलतील. चार रडन्यात घालवलीस तर ती बाई लिवनार काय? चल, आदी मला सांग."

शेवटी मावशींना फोन आला. उद्या या, वकील देतोय.

नेमका गणपतीच्या तोंडावर.

"चतुर्थी झाली का येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी कपाळावर हात मारला. "अहो, एका दिवसाने काय बिघडलं असतं?"

"लोकांच्या घरी आंधला देव धाडू व्हय?"

तो वकील पुढच्या बाईला मिळाला. मावशी पुन्हा बाकावर.

तेवढ्यात दिराने स्वयंपाकघराला कुलूप घातलं. मावशींनी पडवीत चूल मांडली. उरलेला पावसाळा तसाच काढला.

"पस्तावा होतो का?" मी विचारलं.

"व्हतो ना. पडवी गलते." मग म्हणाल्या, "पन डोले काढले त्याचा नाय."

पुढे वकील मिळाली. तरुण, धांदरट, पण चिवट. निकाल लागेपर्यंत घरातून काढायचं नाही, अशी ऑर्डर तिने आणली. कुलूप निघालं.

केस अजून चालूच आहे. तारीख पुढच्या महिन्यात.

आज जोह्याला मावशींच्या घरी गेलो. ओटीवर कारखान्यातल्या ओल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. पाय ठेवायला जागा नाही. कोणीतरी म्हणालं, "मागच्या दारानं काढू या."

दीर खांबाला टेकून उभा होता. वाकला आणि एकेक मूर्ती उचलून बाजूला ठेवायला लागला.

मग आम्हीही लागलो.

"पुढनंच न्यायची," तो एवढंच म्हणाला.

एकाही मूर्तीला अजून डोळे नव्हते.

मावशी, दार मोकळं केलंय. या आता.