येसानवालीनं उसवलेलं जाकीट

येसान गावाहून सून होऊन आलेली येसानवाली आमच्या नदीकाठची कपडे धुणारी आणि शिवणारी. नवरा पुरात गेला, तेव्हापासून तिची चूल एका सुईवर आणि कपडे बडवायच्या दोन दांडक्यांवर चालते. तिच्या हातचा पांढरा कपडा तांदळाच्या पेजेवरच्या सायीसारखा चकाकतो.

परवा आमच्या सरायीत एक गोरी बाई उतरली. गावातल्या बायकांनी तिला बघायला ओल्या बोटांनी भोकं पाडून माझ्या कागदी दाराची पार चाळण केली.

"नाक बघ, नाक!"

"नवरा कुठाय हिचा?"

"एवढ्या नाकाला भ्याला असेल."

बाई शांतपणे वहीत लिहीत होती. दुभाषी मिन म्हणाला, "या देशातल्या बायका दिवसभर कपडे बडवतात, असं लिहिलंय." खोटं नव्हतं.

बाईनं एक पांढरं जाकीट धुवायला दिलं. येसानवालीनं ते आमच्या रीतीप्रमाणं शिवण न् शिवण उसवलं, धुतलं, खळ लावली, दगडावर बडवलं. काल दुपारी जोडायला बसली आणि तिला घाम फुटला. चौदा तुकडे, एकही सरळ नाही! सकाळी बाईची बोट सुटणार. तिनं कचेरीत तक्रार केली असती तर गावातल्या एकाही घरानं येसानवालीकडे कपडा दिला नसता.

माझ्या सासूबाईंनी फुगीर तुकडा उचलला. "ही बाही की विजार?"

"आत्याबाई, माझा जीव चाललाय आणि तुम्हाला चेष्टा सुचते?"

मी म्हटलं, "ताई, सरळ सांगून टाक," आणि बाईला अंगणात बोलावून आणलं.

मिनला बायकांच्या अंगणात यायची सोय नाही. तो भिंतीपलीकडून ओरडला, "काय सांगू? कपडा फाडला?"

"फाडला नाही, उसवला! नीट सांगा भाऊ, नाहीतर तुमचाही अंगरखा येईलच माझ्याकडे."

बाईनं एक तुकडा उचलून उलटासुलटा करून पाहिला. मग पलीकडून मिनचा आवाज आला, "का उसवला, विचारतायत."

"शिवणीतला मळ न उसवता कसा काढतात, ते विचारा त्यांना."

बाईनं तो प्रश्न वहीत उतरवला. मग अंगातलं तसंच दुसरं जाकीट काढून येसानवालीपुढं ठेवलं. येसानवालीनं ते उलटं केलं आणि एकेक शिवण बोटानं चाचपत तिन्हीसांजेपर्यंत चौदाच्या चौदा तुकडे जागच्या जागी बसवले.

आज पहाटे चुलीच्या देवतेपुढं पाण्याची वाटी ठेवताना मी येसानवालीचंही नाव घेतलं.

बाईनं जाकीट घातलं, गुंड्या लावल्या, खुशीत हात वर केला आणि काखेतली शिवण टरकन उसवली.

"अहो, टाके सैलच घालतात," येसानवाली रडकुंडीला आली. "पुढच्या धुण्याला उसवायला नकोत का?"

मिन म्हणाला, "त्या म्हणतात, पुन्हा कधीच उसवणार नाही. पक्कं शिवा."

"कधीच?"

"कधीच."

तिनं दुहेरी दोरा ओवला आणि उलटे टाके घालत बोट सुटायच्या आत सगळ्या शिवणी पक्क्या केल्या. बाईनं तिचे दोन्ही हात धरले, मान लववली आणि हसतमुखानं बोटीत चढली. तक्रारीचं नावही नाही.

मी म्हटलं, "सुटलीस गं बाई!"

येसानवाली मात्र बोटीकडे बघत उभी होती. "सुटले खरी. पण एवढ्या लांबून आली, एवढं लिहिलं, आणि बिचारीकडं एकही कपडा धड स्वच्छ नाही."