काशिनाथदादांचे ल्योंकर

काशिनाथ माने कुणालाही भेटले की तिसऱ्या वाक्याला गाव विचारायचे. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात ते फार्मासिस्ट होते. औषधांच्या खिडकीपाशी आलेल्या गोऱ्या म्हातारीलाही गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून झालं की ते विचारायचे, मूळच्या कुठल्या? म्हातारी खूश व्हायची आणि मागची रांग वैतागायची. मी त्याच हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात नर्स. मी पुण्याची, त्यामुळे मला ही चौकशी गावंढळ वाटायची आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगायचे. ते म्हणायचे, "पुणेकराला गाव नसतं, नुसता पत्ता असतो."

त्यांच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. लिहिलं नाही, कारण त्यात मी येते. मला वगळून लिहिलं तर ते खोटं होईल आणि धरून लिहिलं तर मला तोंड लपवायला जागा उरणार नाही. शेवटी धरूनच लिहायचं ठरवलं.

दादा कोल्हापूरचे. त्यांचे वडील राजाराम माने एका स्टुडिओत सुतार होते. दरबार, सिंहासनं, रथाची चाकं असलं सगळं बनवायचे, आणि माणसं कमी पडली की त्यांनाच दाढी लावून सैनिक म्हणून उभं करायचे. दादा नऊ वर्षांचे असताना वडील विषमज्वरानं गेले. दोन वर्षांनी एक जुना पौराणिक चित्रपट गावात पुन्हा लागला आणि आई त्यांना घेऊन गेली. राजाच्या मागे भाला धरून वडील उभे होते, चार सेकंद. खालच्या वर्गातनं कुणीतरी ओरडलं, "राजारामा, भाला सरळ धर!" आणि सगळं थिएटर हसलं. दादा सांगायचे की आईसुद्धा हसली, आणि मग आठवडाभर ती रोज जात राहिली. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता.

त्यामुळे सिनेमा बघायची त्यांची रीत वेगळी होती. नायक-नायिका बोलत असताना हे मागच्या गर्दीकडे बघत असायचे. १९८८ साली ते न्यूझीलंडला आले आणि वर्षभरात इथल्या फिल्म सोसायटीत प्रोजेक्टर चालवू लागले. मी १९९१ मध्ये आले. दर मंगळवारी मला ते ओढून न्यायचे, आणि मी जायचे ते मुख्यतः सुनीतावहिनींनी डब्यातून पाठवलेल्या थालीपिठांसाठी.

१९९५ साली सिनेमाला शंभर वर्षं होणार होती. सोसायटीनं दादांना बुलेटिनसाठी चार पानं लिहायला सांगितली. दादांचा पहिला प्रश्न अर्थातच, सिनेमाचं मूळ गाव कोणतं? उत्तर निघालं ल्यों. सिनेमाचा पहिला कॅमेरा फ्रान्समधल्या त्या शहरात, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांवर रोखला गेला होता. दादांना अत्यानंद झाला. पडद्यावर पहिल्यांदा आलं ते राजा-राणी नव्हे, गावातलं साधं माणूस. मग त्या शहरात जन्मलेले नट, नट्या आणि दिग्दर्शक शोधायचा त्यांनी सपाटाच लावला. चार पानं कुठल्या कुठे राहिली.

औषधांचा साठा नुकताच कॉम्प्युटरवर गेला होता आणि जुनी कार्डं रद्दीत निघाली होती. ती दादांनी घरी आणली. एका बाजूला 'पॅरासिटॅमॉल', दुसऱ्या बाजूला दादांच्या टपोऱ्या अक्षरात एकेक माणूस: नाव, कुठल्या मोहल्ल्यातला, काम, चित्रपट, कितव्या मिनिटाला दिसतो. बुटांच्या खोक्यांत ही मंडळी राहू लागली. दादा त्यांना ल्योंकर म्हणायचे, आपण सातारकर म्हणतो तसं. मोठा दिग्दर्शक असो की दार उघडून जाणारा नोकर, कार्ड सारखंच. त्यांची तेरा वर्षांची इशिता एकदा खोक्यात डोकावून म्हणाली, "बाबा, दे आर ऑल डेड." दादा म्हणाले, "पडद्यावर नाहीत गं."

एप्रिलमध्ये त्यांना हाडामांसाची ल्योंकर भेटली. ओदेतबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला खिडकीशी आल्या आणि तिसऱ्या वाक्याला गाव निघालं. युद्धानंतर इथल्या एका सैनिकाशी लग्न करून त्या आल्या होत्या. नवरा गेला, मूल नव्हतं. दादा त्यांना सोसायटीत घेऊन आले. कार्डं त्यांनी डोळ्यांजवळ, जरा तिरपी धरून वाचली, आणि एका कार्डावर थांबल्या. १९३८ सालचा चित्रपट. दिग्दर्शक ल्योंचा, नायक ल्योंचा, आणि चित्रीकरण विणकरांच्या टेकडीवर, ओदेतबाईंच्याच गल्लीत. त्यात कामावरून सुटलेली माणसं लांबलचक पायऱ्या उतरून नदीकडे जातात. त्या माणसांत त्यांचा भाऊ मार्सेल होता. रेशमाच्या मागावर काम करायचा, वय वीस. पुढे युद्धातून परत आला नाही, आणि घर बॉम्बमध्ये गेलं त्यात फोटोही गेले. चित्रपट लागला तेव्हा ओदेतबाई दुसऱ्या गावी होत्या. तो त्यांनी कधी पाहिलाच नाही.

दादांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी महिन्याभरात सगळं जमवलं. ल्योंकरांच्या सहा चित्रपटांची मालिका, ऑगस्टपासून. मार्सेलचा चित्रपट पॅरिसहून शताब्दीसाठी निघालेल्या संचात होता. वेलिंग्टनच्या दूतावासामार्फत तो आठवडाभर आम्हाला मिळणार होता आणि मग पुढे ऑस्ट्रेलियाला जाणार होता.

आता माझं. ओदेतबाई आमच्या विभागाच्या पेशंट होत्या. उजव्या डोळ्याचा मधला भाग आधीच गेला होता आणि जूनमध्ये डाव्यालाही सुरुवात झाली. या आजारात कडेचं दिसत राहतं. माणूस घरात फिरतो, चहा करतो, दाराची चौकट चुकत नाही. जातं ते मधलं, म्हणजे अक्षरं आणि चेहरे. त्यावर तेव्हा धड इलाज नव्हता. डॉक्टर मला म्हणाले, ख्रिसमसपर्यंत टिकला तर नशीब. ओदेतबाईंनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. मानी बाई. दादांनाही ठाऊक नव्हतं. सोसायटीत ते फक्त मला माहीत होतं.

त्याच जूनमध्ये फ्रान्सनं जाहीर केलं की पॅसिफिकमध्ये अणुचाचण्या पुन्हा करणार. देश पेटून उठला, आणि ते योग्यच होतं. वाइनच्या बाटल्या गटारात ओतल्या गेल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यानं फ्रेंच ब्रेडच्या पाटीवरचं 'फ्रेंच' खोडलं. आमच्या विभागात सगळ्यांनी निषेधाचे बिल्ले लावले आणि मलाही एक दिला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या बायकांनी मला त्यांच्याबरोबर कुठेतरी बोलावलं होतं, शनिवारच्या मोर्चाला. मला किती बरं वाटलं, ते लिहितानाही लाज वाटते.

जुलैत सोसायटीच्या समितीची बैठक झाली. दादा आणि मी धरून सातजण. अध्यक्ष मार्गारेट, निवृत्त शिक्षिका. दहा वर्षांपूर्वी फ्रेंच हेरांनी ऑकलंडच्या बंदरात अणुचाचण्यांच्या विरोधकांची बोट उडवली तेव्हापासून तिनं फ्रेंच चीज घरात आणलं नव्हतं. तिचं म्हणणं, या वर्षी फ्रेंच मालिका नको. दादा सहसा बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी उभे राहिले आणि त्यांच्या अडखळत्या इंग्रजीत म्हणाले की बॉम्ब सरकार टाकतंय, गाव टाकत नाही. ही माणसं मागावर बसणारी, पायऱ्या उतरणारी आहेत. ओदेतबाईंच्या भावाचंही त्यांनी सांगितलं. खोलीत थोडी चुळबुळ झाली. मत घेतलं तेव्हा तीन विरुद्ध तीन, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दादा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना माझी खात्री होती, ते पिशवीत कार्डं आवरत होते.

मी म्हणाले, "मार्सेल कुठे पळून जात नाही. एका वर्षानं काय बिघडतं? पुढच्या वर्षी करू."

बॉम्बला माझा विरोध होता हे खरं आहे, पण मालिकेविरुद्ध माझा हात वर गेला तो त्यासाठी नव्हे. माझ्या कोटावर बिल्ला होता आणि शनिवारी मला मोर्चाला जायचं होतं. एका वर्षानं काय बिघडतं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि नेमकं मीच ते वाक्य बोलले. नंतर मी स्वतःला समजावलं की पेशंटची माहिती चारचौघांत सांगता येत नाही. नियम आहेच. पण ओदेतबाईंना बाजूला घेऊन 'सांगू का?' एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. दादांना नुसतं म्हटलं असतं की एक दुपार बाईंसाठी तेवढा चित्रपट मागवून घ्या, तर त्यांनी कुणालाही न विचारता मागवला असता. मी दोन्ही केलं नाही. मी मोर्चाला गेले, घोषणा दिल्या, नंतर सगळ्यांबरोबर चिप्स खाल्ले.

नोव्हेंबरमध्ये ओदेतबाई तपासणीला आल्या. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर त्यांना सापडेना. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "विनया, आज तुम्हाला चेहरा नाही." मी डोळ्यांत थेंब घालायचं निमित्त करून त्यांची हनुवटी वर केली.

जानेवारीत चाचण्या थांबल्या. राग निवला. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये संच ऑस्ट्रेलियाहून परतताना सोसायटीनं मालिका केली, एकमतानं. एव्हाना ओदेतबाईंच्या हातात पांढरी काठी आली होती आणि दादांना सगळं कळलं होतं. मला आधीपासून माहीत होतं हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळच्या खेळाआधी, दुपारीच त्यांनी हॉल उघडला. ओदेतबाई पहिल्या रांगेत, शेजारी मी, मागे प्रोजेक्टरपाशी दादा. बाहेर नेहमीचा वारा पत्र्याशी भांडत होता.

ओदेतबाई मान तिरपी करून कडेनं बघत होत्या. गल्ली त्यांनी ओळखली. कुठल्या घराला कसलं दार होतं ते सांगत होत्या. मग पायऱ्या आल्या. चाळीस-पन्नास माणसं उतरत होती, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, सगळे सडसडीत, तरुण. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, तो दिसतोय का? मी मागे वळून दादांकडे पाहिलं. दादांनी हळूच नकाराची मान हलवली. त्यांना तरी काय माहीत? मार्सेलचा चेहरा माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं आणि ते माझा हात धरून बसलं होतं.

मी म्हणाले, "हो. दिसला. डावीकडून तिसरा."

"काय करतोय?"

"हसतोय."

त्यांची पकड सैल झाली. "मग तो मार्सेल नव्हे," त्या म्हणाल्या. "त्याचा पुढचा दात तुटला होता. तो लोकांसमोर कधी हसायचा नाही."

पायऱ्या संपल्या, चित्रपट पुढे गेला. दादांनी रीळ मागे घेऊन पुन्हा लावू का म्हणून विचारलं. त्या नको म्हणाल्या. मग माझा हात थोपटून म्हणाल्या की तुम्ही चांगल्या मनानं सांगितलंत. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना घरी सोडल्यावर गाडीतच मी दादांना सगळं सांगितलं: डोळ्याचं मला कधीपासून माहीत होतं, मत का दिलं, बिल्ला, मोर्चा. दादांनी गाडी बाजूला घेतली.

"तू तेव्हा तोंड उघडलं असतंस न्हवं," ते म्हणाले, "तर मार्गारेटनं स्वतः बाईंना गाडीत घालून आणलं असतं."

एवढंच. पुढच्या मंगळवारी वहिनींचा डबा नेहमीसारखा माझ्यासाठी आला. दादांसमोर डबा परत पाठवायची हिंमत नव्हती, म्हणून मी तो संपवला.

१९९८ मध्ये दादांना हॅमिल्टनला नोकरी मिळाली. ओदेतबाई त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या. सामान बांधायला मी गेले तेव्हा ल्योंकरांची खोकी गाडीत आधीच चढली होती. दादांनी खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मागे खोकल्याच्या औषधाचं नाव. पुढे, मार्सेल. विणकरांची टेकडी, ल्यों. काम: पायऱ्या उतरणाऱ्यांतला एक. 'कितव्या मिनिटाला' यापुढे काहीच नव्हतं.

हे माझ्याकडे कशाला, असं मी विचारलं.

"अर्धवट कार्ड मी खोक्यात ठेवत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "भरलंस की पाठव."

ते भरू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला मी एक वर्ष थांबायला सांगितलं होतं. कार्ड अजून माझ्याकडेच आहे.