सबनीसचा बर्फ

फोन त्याच्या मुलीनं केला. "अंकल, बाबा इज नो मोअर. हार्ट अटॅक. मॉम टोल्ड मी टु कॉल यू फर्स्ट." शुक्रवारची सकाळ होती. आखातातल्या रुवैसच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझी बायको नीलिमा खिचडी परतत होती आणि तिला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. सहा वर्षं मी या माणसाशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि त्याच्या घरून पहिला फोन मला! खरं सांगतो, रडू आलं नाही. राग आला. आता भांडायचं कोणाशी? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे, म्हणून त्याचं खरं आडनाव इथे लिहीत नाही. आपण त्याला सबनीस म्हणू.

तो ठाण्याचा, मी पुण्याचा. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलो, एकाच खात्यात, समोरासमोरच्या टेबलांवर. नव्वदीच्या दशकात रुवैसमधल्या प्रत्येक मराठी घरात कॅनडाचा फॉर्म असायचा, काहींचा भरलेला, बहुतेकांचा कोरा. कारण साधं होतं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपला आणि व्हिसा संपला की खलास, बोरियाबिस्तरा गुंडाळा. मुलं मोठी होत होती आणि आपण नक्की कुठले, हे त्यांना सांगता येत नव्हतं. आम्ही ठरवलं, जायचं तर दोघांनी मिळून. घरं शेजारी शेजारी घ्यायची, बर्फ उपसायचं फावडं दोघांत एक. फावड्यापर्यंत ठरलं होतं, म्हणजे बघा.

सबनीसला धास्ती एकाच गोष्टीची, बर्फात गाडी चालवायची. थंडी, नोकरी, भाषा यांचं त्याला काही वाटत नव्हतं. आमच्या शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर गुलाबखान गिलगिटकडचा. त्याला सबनीसनं गुरू केलं. गावाबाहेर समुद्राच्या बाजूला सबखा आहे, म्हणजे खारट चिखलाची सपाट जमीन. उन्हात ती फरशीसारखी टणक असते, पण हिवाळ्यात दोन सरी पडल्या की अशी निसरडी होते की उभी गाडीसुद्धा आपलं तोंड फिरवते. "साहब, हमारे उधर का बरफ ऐसा ही है," गुलाबखान म्हणाला, "ब्रेक मारा तो गया. गाडी जिधर फिसले, स्टिअरिंग उधर ही घुमाओ." पाऊस पडला की आम्ही तिघं तिथे. सबनीस दर वेळी घाबरून ब्रेक दाबायचा आणि गाडी गरगर फिरायची. मला मात्र ते जमलं. "कुलकर्ण्या, तुझ्या पायात अक्कल आहे," तो म्हणायचा. "माझ्या डोक्यातली पायापर्यंत पोचत नाही." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो... मला आजही तो हसताना आठवतो, हीच पंचाईत आहे.

रुवैसहून अबुधाबी दोन-अडीच तासांवर. त्यामुळे गुरुवारी जो कोणी तिकडे निघेल, त्यानं सगळ्यांची कामं करायची, हा अलिखित नियम. कोणाचे पासपोर्ट, कोणाचा चष्मा, कोणाला कढीपत्ता. आमच्या फायली तयार झाल्या त्या आठवड्यात माझी ड्यूटी होती आणि सबनीस निघाला होता. कॅनडाच्या वकिलातीत टाकायला मी माझ्या फाइलचं पाकीट त्याच्या हातात दिलं. पावती मागितली नाही. कढीपत्त्याची पावती कोण मागतं?

पुढचं दीड वर्ष रोज सकाळी एकच संवाद. "काही आलं?" "नाही रे. तुझं?" "माझंही नाही." "येईल रे, इन्शाल्ला." मग एका संध्याकाळी मी दूध आणायला सुपरमार्केटमध्ये गेलो. दारापाशीच्या फळ्यावर देश सोडून जाणारी माणसं चिठ्ठ्या लावतात. एका चिठ्ठीवर सोफा होता, फ्रिज होता, पांढरी गाडी होती. नाव नव्हतं. पण तो फोननंबर मी रोज फिरवत होतो... दूध न घेता मी तसाच त्याच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं. मागे खोक्यांची रास.

"अरे, सांगणारच होतो. तिकिटं हातात पडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. नजर लागते."

"माझी लागते?"

त्यानं दार थोडं लोटून घेतलं. "तुझी फाइल पण टाकली होती रे त्याच दिवशी. येईल आज-उद्या."

नजरेचं मी समजू शकलो असतो. आपल्या लोकांत बाळंतपण आणि व्हिसा दोन्ही झाल्याशिवाय सांगत नाहीत. त्याला निरोप द्यायला मी विमानतळावरही गेलो. पण तो गेल्यावर दोन आठवड्यांनी त्याच्या टेबलावर नवा माणूस आला, त्यानं खण साफ केले आणि सगळ्यात खालच्या खणातलं एक पाकीट मला आणून दिलं. वर माझंच अक्षर. आत माझी फाइल, टाचणीसुद्धा हललेली नाही. आमच्या दोघांच्या अनुभवपत्रांवर एकाच मॅनेजरची सही होती. खात्री करायला वकिलातीतून एकाच ऑफिसात दोन फोन आले असते तर एकाच खात्यातले दोघं जातायत म्हणून मॅनेजर बिथरला असता आणि दोघंही अडकलो असतो, असा त्यानं हिशेब केला असावा. असावा म्हणतो, कारण त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पुन्हा अर्ज करावा तर माझं वय वाढलं होतं, अर्जातले वयाचे गुण कमी झाले होते. नीलिमा म्हणाली, "राहू दे आता." तेव्हापासून आमच्या घरात कॅनडा हा शब्द निघाला नाही.

आणि मग त्याची पत्रं सुरू झाली. दर हिवाळ्यात दोन-तीन. मी सगळी वाचली, उत्तर एकालाही दिलं नाही. पत्रांत माफी नाही, फाइलचं नाव नाही, नुसता बर्फ! टोरांटोकडे रस्त्यावर मीठ टाकतात, पण दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं आणि दिसतच नाही, पुलांवर जप. एडमंटनला इतकी कोरडी थंडी की दाबलेल्या बर्फावर टायर बरा धरतो, पण गाडीचं इंजिन रात्रभर विजेवर उबदार ठेवावं लागतं. व्हँकुव्हरला बर्फ थोडा पण ओला, आणि रस्ते चढाचे, तिथे चांगले चांगले घसरतात. प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला, 'तू येशील तेव्हा लक्षात ठेव.' म्हणे, येशील तेव्हा! इतका निर्लज्जपणा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. चोरानं घर लुटावं आणि वर पत्र पाठवून सांगावं की तुझ्या पलंगावर झोप छान लागते, तसं वाटायचं.

गेल्या आठवड्यात शुभदावहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. बोलता बोलता मी म्हणालो की एवढं ड्रायव्हिंग करायचा, सारा देश फिरला, दगदग झाली असेल. त्या म्हणाल्या, "कोण, हे? भावजी, पहिल्याच हिवाळ्यात गाडी खड्ड्यात गेली, तेव्हापासून ह्यांनी बर्फात स्टिअरिंगला हात लावला नाही. टोरांटोच्या बाहेर तर आम्ही गेलोच नाही कुठे. ऑफिसातल्या लोकांना विचारून विचारून लिहायचे तुम्हाला. गाडी मीच चालवते. हे शेजारी बसून सूचना द्यायचे, हळू, हळू, ब्रेक नको. आणि मी चिडले की म्हणायचे, कुलकर्णी असता तर त्यानं चालवली असती."

ज्या रस्त्यासाठी त्यानं मला मागे ठेवलं, त्या रस्त्यावर तो स्वतः शेजारच्या सीटवर बसून होता. सहा वर्षं.

"ती सीट अजून त्यांनी मागे सरकवली होती तशीच आहे," वहिनी म्हणाल्या. "पुढे घ्यायला हात धजत नाही." मग त्यांनी विचारलं, "भावजी, एक विचारू? तुम्ही का आला नाहीत हो? ह्यांना कितीदा विचारलं, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे."

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, सहा वर्षं घोकलेलं.

"माझंच मन झालं नाही, वहिनी," मी म्हणालो. "मला थंडी सोसत नाही."